मालकाची चाळ, सोसायट्यांचं फेडरेशन आणि आपलं सोशल मीडिया खातं

माझी आत्या सांगलीला असते. कुरडया, सांडगे, बटाट्याचे पापड असं वाळवण ती स्वतः करते आणि विकते. सहा वर्षं ती एका मोठ्या सोशल मीडिया ॲपवर रोज फोटो टाकत होती. अकरा हजार माणसं तिला फॉलो करत होती. गेल्या वर्षी ऐन चैत्रात, हंगाम भरात असताना, तिचं खातं बंद झालं. ‘नियमांचा भंग’ एवढंच कारण आलं. कुठला नियम, कुठला फोटो, काही कळलं नाही. तिच्या वतीने मी चार वेळा अर्ज केला आणि चारही वेळा तेच छापील उत्तर आलं. ऑर्डरी बुडाल्या त्या बुडाल्याच, पण आत्याच्या मनाला दुसरंच लागलं. “माझ्या गिऱ्हाइकांची नावंसुद्धा माझ्याकडे नाहीत रे,” ती म्हणाली.

हे एकट्या आत्याचं झालं असतं तर मी लिहायला बसलो नसतो. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ला बंद झालं. २९ जून २०२०ला सरकारने ५९ चिनी ॲपवर बंदी घातली, त्यात टिकटॉक होतं. खेड्यापाड्यांतल्या कितीतरी मराठी पोरापोरींना पहिल्यांदा प्रेक्षक मिळाला होता, तो एका रात्रीत गेला. भारतीय भाषांसाठी म्हणून २०२० मध्ये आलेलं, ट्विटरसारखं ‘कू’ जुलै २०२४ मध्ये मिटलं. कारणं वेगवेगळी होती, पण वापरणाऱ्याच्या वाट्याला दर वेळी तेच आलं: जोडलेली माणसं मागे राहिली.

म्हणूनच मॅस्टोडॉन, ब्लूस्काय, थ्रेड्स, फेडिव्हर्स हे शब्द हल्ली बातम्यांत येतात तेव्हा मला त्यात तंत्रज्ञानापेक्षा आत्याचा प्रश्न दिसतो. आपण जमवलेली माणसं आपलीच राहतील अशी सोय करता येते का?

## खातं कोणाच्या जागेत असतं

एकाच मालकाची मोठी चाळ डोळ्यांसमोर आणा. भाडं शून्य, नळाला चोवीस तास पाणी, शेजारही भरपूर. बदल्यात मालक तुमच्या भिंतीवर जाहिराती लावतो आणि तुम्ही कोणाकडे जाता, काय विकत घेता याची नोंद ठेवतो. नियम तोच करतो, तोच बदलतो. एके दिवशी त्याने खोलीला कुलूप लावलं तर आतलं सामानही अडकतं आणि शेजाऱ्यांशी बोलायची वाटही बंद होते, कारण चाळीबाहेरून आत आवाजच जात नाही.

आपण रोज वापरतो ती बहुतेक मोठी ॲप या चाळीसारखी आहेत. मालक चांगला की वाईट, हा मुद्दा नंतरचा. मालक एकच आहे आणि चाळीबाहेर गेलं की आतल्यांशी बोलता येत नाही, ही खरी अडचण.

## मग फेडरेशन म्हणजे काय

महाराष्ट्रात हा शब्द समजवायला लांब जावं लागत नाही. एका वसाहतीत दहा-बारा सहकारी गृहनिर्माण सोसायट्या असतात. प्रत्येकीची कमिटी वेगळी, मेंटेनन्स वेगळा, नियम वेगळे. एकीत कुत्रा चालतो, दुसरीत रात्री दहानंतर पाहुण्याची नोंद लागते. तरी या सोसायटीतला माणूस त्या सोसायटीतल्या मित्राकडे बिनदिक्कत जातो-येतो.

फेडरेटेड सोशल मीडिया हे असंच असतं. इथल्या सोसायटीला सर्व्हर म्हणायचं. एखादी व्यक्ती, गट, विद्यापीठ किंवा कंपनी, कोणीही सर्व्हर चालवू शकतं. तुम्ही एका सर्व्हरवर खातं उघडता आणि तिथून इतर हजारो सर्व्हरवरच्या लोकांना फॉलो करता, उत्तरं देता. हे सर्व्हर एकमेकांशी ज्या ठरलेल्या भाषेत बोलतात तिचं नाव ॲक्टिव्हिटीपब. वेबचे मानक ठरवणाऱ्या वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्टियमने जानेवारी २०१८ मध्ये तिला मान्यता दिली. ही भाषा बोलणाऱ्या सगळ्या सर्व्हरचं मिळून जे जग होतं ते फेडिव्हर्स. आजच्यापुरते जड शब्द एवढेच.

रोजच्या वापरातलं उदाहरण हवं असेल तर यूपीआय आयडी बघा: आधी नाव, मग ॲट हे चिन्ह, मग बँकेची खूण. आत्याचं खातं एका बँकेत, माझं दुसऱ्या. तिच्या फोनवर एक ॲप, माझ्या फोनवर निराळं. तरी पैसे जातात. फेडिव्हर्समधला पत्ता अगदी असाच असतो, फक्त बँकेच्या जागी सर्व्हरचं नाव. फरक एक आहे आणि तो मोठा आहे. यूपीआयच्या मध्यभागी एनपीसीआय ही संस्था बसलेली आहे, तर फेडिव्हर्सच्या मध्यभागी कोणीच नाही. त्याचे फायदे आणि तोटे बहुतेक या एका गोष्टीतून निघतात.

## आपल्याकडे हे नाव कधी आलं

मॅस्टोडॉन हे या जगातलं सर्वांत परिचित सॉफ्टवेअर, वापरायला साधारण ट्विटरसारखं. जर्मनीतल्या ऑयगेन रोख्को या तरुणाने ते २०१६ मध्ये लोकांपुढे आणलं. भारतात त्याची पहिली लाट आली ती नोव्हेंबर २०१९ मध्ये. सर्वोच्च न्यायालयातले ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचं खातं ट्विटरने (आजचं एक्स) निलंबित केलं होतं. नाझी सलाम न करता हाताची घडी घालून उभ्या राहिलेल्या जर्मन कामगाराचा, ऑगस्ट लांडमेसरचा, १९३६चा गाजलेला फोटो त्यांनी लावला होता. नाझींना नकार देणारं चित्रच ‘द्वेषपूर्ण’ ठरवलं गेलं. चिडून अनेक भारतीय मॅस्टोडॉनवर गेले. पुष्कळसे काही आठवड्यांत परतलेही.

दुसरी लाट जगभर आली. ऑक्टोबर २०२२ मध्ये इलॉन मस्कने ४,४०० कोटी डॉलरना ट्विटर घेतलं आणि मॅस्टोडॉन वापरणाऱ्यांचा महिन्याचा आकडा साधारण तीन लाखांवरून पंचवीस लाखांवर गेला. डिसेंबरमध्ये ट्विटरने मॅस्टोडॉनचं अधिकृत खातं बंद केलं आणि मॅस्टोडॉनच्या लिंक टाकण्यावर काही काळ बंदी आणली. चाळीतून बाहेरचा पत्ताच द्यायचा नाही, असा तो प्रकार. पुढे मॅस्टोडॉनचा आकडा खाली आला. जुलै २०२३ मध्ये फेसबुकच्या मालक कंपनीने, मेटाने, थ्रेड्स हे ट्विटरसारखं ॲप काढलं आणि नंतर त्याला फेडिव्हर्सकडे उघडणारी खिडकी ठेवली. ब्लूस्काय हेही ट्विटरसारखंच, पण ॲक्टिव्हिटीपबपेक्षा वेगळ्या भाषेवर उभं आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये त्याची खाती दोन कोटींवर गेली.

## खरा फायदा: निघून जाता येणं

फेडिव्हर्सचे समर्थक बरंच काही सांगतात. जाहिराती नाहीत. ज्या क्रमाने लोक लिहितात त्याच क्रमाने दिसतं. राग येईल अशा पोस्ट मुद्दाम वर आणणारं यंत्र मागे बसलेलं नसतं. मॅस्टोडॉनपुरतं हे खरं आहे आणि अनुभवायलाही छान वाटतं. पण माझ्या मते हे वरवरचे लाभ आहेत. मुळातली गोष्ट म्हणजे निघून जाण्याचा हक्क.

२० जानेवारी २०११ला देशभर मोबाइल नंबर पोर्टेबिलिटी आली तो काळ आठवा. त्याआधी कंपनी कितीही छळू दे, नंबर बदलायच्या धास्तीने आपण तिथेच राहायचो. नंबर आपल्याबरोबर येणार म्हटल्यावर कंपन्यांची भाषा बदलली. ज्यांनी कधीच कंपनी बदलली नाही त्यांनाही त्याचा फायदा झाला, कारण ते जाऊ शकतात हे कंपनीला ठाऊक होतं.

मॅस्टोडॉनमध्ये एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर जाताना तुमचे फॉलोअर तुमच्याबरोबर येतात. त्यांना काही करावं लागत नाही, त्यांच्याकडची नोंद आपोआप बदलते. आत्याला हे सांगितलं तेव्हा ती क्षणभर गप्प झाली. “म्हणजे दुकान हलवलं तरी गिऱ्हाईक पाटी वाचून नव्या जागी येतं, तसं?” अगदी तसं.

इथे दोन गोष्टी लपवून ठेवणं बरोबर नाही. एक, फॉलोअर येतात पण जुन्या पोस्ट येत नाहीत. त्यांची प्रत उतरवून ठेवता येते, मात्र नव्या खात्यावर त्या चढत नाहीत. दोन, हे स्थलांतर जुना सर्व्हर चालू असेल तेव्हाच करता येतं. तो अचानक बंद पडला किंवा त्याने तुम्हाला हाकललं, तर नोंद बदलायला तिथे कोणी उरत नाही. ब्लूस्कायच्या रचनेत ओळख आणि जागा वेगळ्या ठेवल्या आहेत, त्यामुळे कागदावर तिथलं स्थलांतर जास्त पक्कं आहे. पण बहुतेक खाती आजही ब्लूस्काय या एकाच कंपनीच्या सर्व्हरवर आहेत. नंबर पोर्ट करण्याची सोय आहे, दुसऱ्या कंपन्या मात्र अजून मोजक्याच, अशी ती अवस्था.

## सेक्रेटरीचं काम कोण करणार

सोसायटीत राहिलेल्या प्रत्येकाला एक सत्य माहीत असतं: सेक्रेटरी व्हायला कोणी तयार नसतं. गळतीची तक्रार त्याच्याकडे, पार्किंगचं भांडण त्याच्याकडे, पंपाचं बिल त्याच्याकडे, आणि वार्षिक सभेत शिव्याही त्यालाच.

सर्व्हर चालवणाऱ्याचं तेच होतं. यंत्राचं भाडं, फोटो-व्हिडिओ साठवायचा खर्च, सॉफ्टवेअर अद्ययावत ठेवणं, रात्री-अपरात्री आलेल्या तक्रारी निस्तरणं. जाहिराती नसल्यामुळे पैसा देणग्यांतून येतो आणि पुष्कळ ठिकाणी चालवणाऱ्याच्या खिशातून. हौस असते तोवर सगळं सुरळीत चालतं. मॅस्टोडॉन डॉट लोल नावाच्या सर्व्हरवर सुमारे बारा हजार लोक होते. २०२३ मध्ये तो बंद झाला, कारण चालवणारा वादांना आणि मनस्तापाला कंटाळला. त्याने तीन महिने आधी सांगितलं, हे त्याचं मोठेपण. क्वीअर डॉट एएफ या सर्व्हरचं प्रकरण तर कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं. त्याच्या नावातलं ‘एएफ’ ही वेबच्या पत्त्यातली अफगाणिस्तानची खूण, जशी भारताची ‘इन’. फेब्रुवारी २०२४ मध्ये तालिबानच्या मंत्रालयाने ते नावच काढून घेतलं. पाटी गेली आणि पाटीबरोबर पत्ता गेला.

तेव्हा मालक नाही म्हणजे सत्ता नाही, असं कोणी सांगत असेल तर मानू नका. सत्ता फक्त लहान तुकड्यांत वाटलेली आहे. तो तुकडा भल्या माणसाच्या हातात असेल तर तुमचं नशीब, लहरी माणसाच्या हातात असेल तर चाळमालक परवडला अशी पाळी येते.

यावरचा उपाय महाराष्ट्राला नवा नाही. खर्च वाटून घ्यायचा आणि निर्णयही. सोशल डॉट कोऑप हा २०१७ पासूनचा सर्व्हर सहकारी तत्त्वावर चालतो; सभासद वर्गणी देतात आणि मोठे निर्णय मत घेऊन होतात. दूध सोसायट्या, पतपेढ्या आणि साखर कारखाने उभारणाऱ्या आपल्या समाजाला ही कल्पना समजावून सांगावी लागू नये. त्या संस्था कशा बुडतात हेही आपण पाहिलं आहे, म्हणजे काय टाळायचं तेही आपल्याला कळतं.

## “मग गुंडांना मोकळं रान नाही का?”

हा प्रश्न रास्त आहे. सॉफ्टवेअर मोफत आहे, कोणीही घेऊ शकतं. अतिउजव्यांचा अड्डा म्हणून ओळखलं जाणारं ‘गॅब’ २०१९ मध्ये मॅस्टोडॉनचंच सॉफ्टवेअर घेऊन उभं राहिलं. त्याला बंद करणारं वर कोणी नव्हतं. पण घडलं असं की बाकीच्या सर्व्हरनी एकेक करून त्याच्याशी व्यवहार तोडले. वसाहतीतल्या एका इमारतीत दंगेखोर राहायला आले, त्यांना घराबाहेर काढता येत नाही, पण इतर सोसायट्यांचे वॉचमन त्यांना गेटातून आत घेत नाहीत. त्यांचा गोंगाट त्यांच्याच इमारतीत राहिला.

सगळ्या बाबतींत एवढं भागत नाही. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी जुलै २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, फेडिव्हर्सवरच्या पोस्ट दोन दिवस तपासल्यावर बाललैंगिक शोषणाच्या, आधीपासून नोंद असलेल्या ११२ प्रतिमा सापडल्या. मोठ्या कंपन्यांकडे असं साहित्य पकडणारी यंत्रणा आणि पगारी माणसं असतात. चार स्वयंसेवकांच्या सर्व्हरकडे बहुधा नसतात. ज्या सर्व्हरवर तपासणी करायला पुरेशी माणसं नाहीत तिथे लहान मुलांची खाती उघडू नयेत, असं माझं ठाम मत आहे.

दाद मागण्याचंही तसंच. आपल्या २०२१च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार पन्नास लाखांहून जास्त भारतीय वापरकर्ते असलेल्या कंपन्यांना भारतात राहणारा तक्रार अधिकारी नेमावा लागतो. त्याचा निर्णय पटला नाही तर तीस दिवसांत सरकारच्या तक्रार अपील समितीकडे जाता येतं. आत्याच्या वेळी मला हे उशिरा कळलं, तोवर तीस दिवस उलटले होते. वाचणाऱ्यापैकी कोणाचं खातं अडकलं असेल तर आजच तारीख मोजा. फिनलंड किंवा कॅनडात बसलेल्या हौशी सर्व्हरचालकाविरुद्ध मात्र हा रस्ता फारसा उपयोगी पडणार नाही. तो भला असेल तर दोन तासांत स्वतः उत्तर देईल, नसेल तर विषय संपला.

## खासगी निरोप खासगी नसतो

नवखी माणसं इथे हमखास फसतात, म्हणून जरा थांबून सांगतो. मॅस्टोडॉनमधल्या खासगी निरोपाला व्हॉट्सॲपसारखं कुलूप नसतं. तुमचा आणि समोरच्याचा, दोन्ही सर्व्हर चालवणारे तो वाचू शकतात. वाचतातच असं नाही, पण वाचू शकतात. शिवाय निरोपात तिसऱ्या कोणाचं पूर्ण खातेनाव लिहिलंत तर तो निरोप त्यालाही जातो. “अमुकबद्दल तुला सांगायचं होतं” म्हणून सुरुवात केली आणि अमुकलाच पोचलं, असं होऊ शकतं.

मे २०२३ मध्ये अमेरिकेत कोलेक्टिव्हा नावाच्या सर्व्हरच्या एका चालकाच्या घरी एफबीआयने भलत्याच प्रकरणात झडती घेतली आणि जप्त केलेल्या सामानात सर्व्हरची कुलूप नसलेली प्रतही गेली. हजारो लोकांचा पत्रव्यवहार, ज्यांचा त्या प्रकरणाशी काडीचा संबंध नव्हता. पुसून टाकण्याचंही तसंच: तुम्ही पोस्ट काढली की इतर सर्व्हरना ‘काढा’ असा निरोप जातो. बहुतेक काढतात, पण सक्ती करणारं कोणी नाही. बँकेचा तपशील, आजारपण, घरातली भांडणं यांपैकी काहीही तिथे लिहू नका.

## “माझी माणसं तिथे नाहीतच”

सगळ्यांत खरी अडचण ही. सांगलीची गिऱ्हाइकं मॅस्टोडॉनवर नाहीत. मराठी लिहिणारे तिथे आहेत, पण विरळ. सुरुवातीलाच ‘सर्व्हर निवडा’ असं विचारलं जातं आणि अर्धी माणसं तिथूनच मागे फिरतात. शोध अर्धवट चालतो, कारण ज्याने परवानगी दिली त्याचंच लिखाण शोधात येतं. एखाद्या पोस्टखालची सगळी उत्तरं दुसऱ्या सर्व्हरवरून अनेकदा दिसत नाहीत. ‘तुम्हाला हेही आवडेल’ म्हणणारं यंत्र नसल्यामुळे पहिले काही दिवस ओसाड वाटतात. माणसं स्वतः शोधावी लागतात, नव्या गावात बदली झाल्यावर शोधतो तशी.

यावर तयार उत्तर कोणाकडे नाही. पुणे-मुंबईचे सॉफ्टवेअरवाले, संशोधक, पत्रकार, परदेशात राहणारे मराठी लोक यांना इथे आज गोडी वाटू शकेल. ज्याचं पोट गिऱ्हाइकांच्या संख्येवर आहे त्याने चाळ सोडून इथे यावं, असं मी सांगणार नाही.

## “ईमेलचं झालं तेच होणार ना?”

ईमेलही फेडरेटेडच आहे. कोणत्याही सर्व्हरवरून कोणत्याही सर्व्हरला पत्र जातं. तरी आज निम्म्याहून जास्त ओळखीचे लोक जीमेलवर असतात, आणि स्वतःचा छोटा ईमेल सर्व्हर चालवणाऱ्याची पत्रं समोरच्याच्या स्पॅममध्ये पडतात. गप्पांच्या बाबतीत तर याहून वाईट झालं. गूगल टॉकने २००६ मध्ये एक्सएमपीपी या खुल्या भाषेतून बाहेरच्या सर्व्हरशी बोलायला सुरुवात केली. २०१३ मध्ये कंपनी हँगआउट्स या स्वतःच्या नव्या ॲपकडे वळली आणि तो दरवाजा लावून घेतला. बाहेर राहिलेल्यांची बहुतेक ओळखीची माणसं तोवर आत गेली होती.

म्हणूनच थ्रेड्स येतंय म्हटल्यावर अनेक सर्व्हरचालकांनी ते यायच्या आधीच त्याला गेटाबाहेर ठेवलं. मला त्यांची भीती समजते, तरी तो निर्णय सरसकट पटत नाही. मोठ्या चाळीत राहणारी आपली माणसं खिडकीतून का होईना बोलू शकत असतील, तर ती खिडकी आपणच बंद का करावी? फक्त त्या खिडकीवर आपलं घर अवलंबून ठेवायचं नाही.

## आत्याचं पुढे काय झालं

तिने नव्या नावाने त्याच मोठ्या ॲपवर खातं उघडलं. चार हजार माणसं परत आली, बाकीची कुठे गेली ठाऊक नाही. त्याच वेळी आम्ही दुसरंही एक काम केलं. वर्षाला हजारभर रुपये भरून तिच्या नावाची वेबची पाटी, म्हणजे डोमेन, घेतली आणि वेबसाइट बनवायच्या वर्डप्रेस या सॉफ्टवेअरवर साधं पान उभं केलं. वर्डप्रेसला ॲक्टिव्हिटीपबचं प्लगिन, म्हणजे वरून बसवायचा जादा भाग, जोडता येतं, ते जोडलं. आता आत्या कुरडईचा चीक कसा शिजवायचा ते आधी स्वतःच्या पानावर लिहिते. तेच मोठ्या ॲपवर टाकते, व्हॉट्सॲपवर पाठवते, आणि फेडिव्हर्समध्ये ते आपोआप जातं.

फेडिव्हर्समधून तिला फॉलो करणारे आजच्या तारखेला एकवीस जण आहेत. त्यातल्या एक बाई न्यूजर्सीला असतात, मूळच्या मिरजेच्या. सांडग्यांत कोहळा किती घालायचा यावर दोघींचं तीन दिवस चाललं होतं. गिऱ्हाइकांची नावं आणि नंबर आत्या आता लाल बांधणीच्या वहीत उतरवून ठेवते. वही देवघराच्या फळीवर असते.